दादांच्या कानाचं माप

सोलापूरचा उन्हाळा आधी कानाला कळतो. फेब्रुवारी सरता सरता गल्लीत कुणाचा तरी कूलर माळ्यावरून खाली उतरतो, मागच्या वर्षीचं गवत झाडलं जातं, पंप दोनदा खोकतो आणि सुरू होतो. आठवडाभरात घरोघरी तीच घरघर. मग पुढचे तीन महिने सगळं गाव एक पट्टी वर बोलतं. भाजीवाल्याशी घासाघीस करायची ती ओरडून आणि सुनेला टोमणा मारायचा तोही ओरडून, त्यामुळे टोमण्यातली निम्मी मजा जाते. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून संध्याकाळी घरी आले की या घरघरीचा मला फार राग यायचा. हल्ली तेवढा येत नाही.

परवा आमचा कूलर काढला. मागची जाळी सोडवताना खाचेत अडकलेली रबराची एक टोपी हाताला लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, करडी, मऊ. आई म्हणाली, “टाक की ते. कशाचं हाय कुणाला ठावं.” मला मात्र बघताक्षणी कळलं. इअरफोनच्या तोंडावर, कानात जाणाऱ्या भागावर बसवतात ती ही टोपी. सगळ्यात लहान मापाची. तीन वर्षांपूर्वीचा सबंध एप्रिल माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मी जाळी हातात तशीच धरून बसले. आईला वाटलं मला ऊन लागलं. तिने लिंबाचं सरबत करून आणलं, ते मी मुकाट्याने प्यायले.

दादा म्हणजे माझे वडील. अठ्ठावीस वर्षं ते एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करतो तो जॉबर. टॉवेलचे चोवीस माग एका शेडमध्ये एकदम चालायचे. आत गेलं की आपला खोकला आपल्यालाच ऐकू यायचा नाही. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची, तर दारातूनच परत फिरावंसं वाटायचं. बाकीचे कामगार कानात कापसाचे बोळे घालत. दादा कधी घालत नसत. म्हणायचे, “कापूस घातला की माग काय बोलतोय ते कळत न्हाय.” आणि खरंच, त्या गदारोळात पाठमोरे उभे राहून ते सांगायचे, अकरा नंबरचा धोटा अडखळतोय, बघा. माणसं जाऊन बघायची, तर खरोखर अडखळत असायचा. आपल्या कानांचा त्यांना फार अभिमान होता. आमच्याकडे मांजर जरी पातेल्याजवळ गेलं तरी ते दुसऱ्या खोलीतून ओळखायचे.

त्याच कानांनी ते ढोलकी वाजवायचे. आमच्या वस्तीत एक गायन पार्टी आहे. एप्रिल हा तिचा महिना. जयंती जवळ आली की निळ्या पताका लागतात, चौकाचौकात स्टेजचे बांबू पडतात आणि पार्टीला कधी मोडनिंबहून, कधी नातेपुत्याहून बोलावणं येतं. पेटीवर मारुतीमास्तर, पोस्टातून रिटायर झालेले. गायला सिंधूमावशी, त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. मागे कोरसला चार-पाच जण आणि ढोलकीवर दादा. मी जन्मायच्या आधीपासून ढोलकीवर दादाच.

कारखाना बंद पडला तेव्हा दादा एक दिवस जेवले नाहीत, बस्स. दुसऱ्या दिवशी ढोलकीला तेल लावत बसले. मी काहीतरी समजूत घालायला गेले, तर म्हणाले, “माग सुटला, सुटू दे. ही सुटली तर मातर माझं काय खरं न्हाय.” हे त्यांनी हसत हसत सांगितलं होतं, पण मी ते विसरले नाही. साठीनंतर त्यांचे गुडघे गेले, साखर वाढली, चहा बिनसाखरेचा झाला. कशाचीही त्यांनी तक्रार केली नाही. संध्याकाळी विहारात पार्टी जमली की त्यांची मांडी बरोबर बसायची, मग घरी आल्यावर आई रात्रभर शेक देत बसली तरी चालेल.

आणि मग कान जायला लागले. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी, मग फोनची रिंग, मग माझ्या भाचीचं बोलणं, कारण तिचा आवाज बारीक. पुरुषांचं बोलणं त्यांना ऐकू यायचं, दार आपटलेलं ऐकू यायचं. आई म्हणायची, “माझं तेवढं ऐकू येत न्हाय बघ, सोयीचं बहिरेपण हाय.” डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे, टोकदार आवाज गेलेत, मागाजवळ राहिलेल्यांचं असंच होतं. कानाचं मशीन दिलं. दादांनी ते दोन दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. “ह्यात ढोलकी पत्र्यावानी वाजती,” म्हणाले.

मशीन नको, पण गाणी तर ऐकायची. जयंतीच्या आधी महिनाभर ते मागच्या वर्षांच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं ऐकत. पार्टीच्या ग्रुपवर मास्तरांनी टाकून ठेवलेली असत. कूलरच्या घरघरीत फोनचा आवाज पुरायचा नाही, म्हणून दादा फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून ठेवायचे. त्याने आवाज वाढायचा खरा, पण सिंधूमावशी विहिरीतून गातायत असं वाटायचं. मलाच ते बघवेना. म्हटलं, चला, एक इअरफोन आणूया. त्यात काय एवढं, वायर आणि दोन बोंडं.

त्यात बरंच काही असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला नव्या पेठेत साडीला फॉल लावायला गेले होते. तिथे एका गाळ्यात इअरफोन वेण्यांसारखे टांगलेले. लाल, निळे, सोनेरी. गाळेवाल्याने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं की हिला यातलं काही कळत नाही. “मॅडम, ये लेव,” म्हणाला, “बेस देखो, बेस. छाती में बजता.” त्याने एक गाणं लावून माझ्या कानात बोंडं घातली आणि खरंच छातीत धडधडलं. आणखी काय हवं? शिवाय वायरीवर कापडी वेणी होती. सोलापूरच्या माणसाला कापड दिसलं की विश्वास बसतो. मी ती दोन बोटांत चोळून बघितली, ओढून बघितली, विणकाम घट्ट निघालं. माझ्या बापाने आयुष्यभर कापड विणवलं आणि मी इअरफोनची वायर बघून इअरफोन घेतला.

दादा मात्र हरखून गेले. “आरं तिच्या!” एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मग मला जवळ बोलावून एक बोंड माझ्या कानात घातलं. “ऐक की माझी धुम.” ढोलकीला दोन तोंडं. डाव्या हाताची धुम, तिचा आवाज खोल, पोटातून येणारा. उजव्या हाताची शाईची पुडी, तिचा आवाज कडक, टणत्कारी. त्या इअरफोनमध्ये धुम अशी काही घुमत होती की बाकी सगळे तिच्या आड बसले होते. पेटी कुठेतरी होती. सिंधूमावशी पाहुण्यासारख्या मागे उभ्या होत्या. पण ढोलकी! घरी येणाऱ्या प्रत्येकाला दादा ते ऐकवायचे, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. आई म्हणाली, “आता दोनी कानांत बुचं. म्हंजी मी बोलायचं बंद करावं, असंच न्हवं?” दादांना ते ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल.

बोंडं सारखी गळून पडायची, म्हणून ते डोक्याभोवती टॉवेल बांधायचे. कान झाकून, गाठ वर. दाढ दुखणाऱ्या माणसासारखं ते ध्यान दुपारभर कूलरपुढे बसलेलं असायचं. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. त्या वर्षी पार्टीबद्दल काही कुजबुज होती. दोन ठिकाणची बोलावणी आली नव्हती. दादा म्हणायचे, आता डीजेचा जमाना. मलाही ते पटलं होतं.

महिनाभरात इअरफोनची एक बाजू मुकी झाली. कापडी वेणी अगदी शाबूत होती, आत तार तुटली होती. दादांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, या वेळी नीट चौकशी करून घेते.

आमच्या कॉलेजात फिजिक्सला गणाचारी सर आहेत. अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी आणि वर्गात इंग्रजी. त्यांना स्वस्तातले चांगले इअरफोन शोधण्याचा छंद आहे. महागडे त्यांना आवडत नाहीत. “महागाचं चांगलं असणारच की ओ, त्यात काय शोधायचं?” असं म्हणतात. त्यांच्या बॅगेत एक कंपासपेटी असते, तिच्यात कंपासाऐवजी सहा-सात इअरफोन गुंडाळून ठेवलेले. मी विषय काढला मात्र, सर जेवणाचा डबा तसाच ठेवून सुरू झाले. बिनवायरचं एवढ्या कमी पैशात घेऊ नका, निम्मे पैसे बॅटरीत जातात. बेसच्या नादी लागू नका, दुकानात दोन मिनिटांत तोच भुरळ घालतो, म्हणून स्वस्तातले सगळे तोच फुगवतात. माणसाचा गळा मधल्या आवाजात असतो, तो स्वच्छ येतो का बघा. आणि खोक्यातल्या रबरी टोप्या फेकू नका. लहान, मधली, मोठी अशा तीन मापांच्या असतात, लोक मधली लावतात आणि बाकीच्या केरात टाकतात. कानात घट्ट बसली नाही तर लाखाचा इअरफोनसुद्धा टिनपाट वाजतो.

“पण पारखायचं कसं?” मी विचारलं.

“तुम्हाला पाठ असलेलं गाणं लावा. गायक कुठं श्वास घेतो तेसुद्धा माहीत पाहिजे. ते ऐकू आलं तर घ्या, नाही तर सोडा.”

गायक कुठे श्वास घेतो हे माहीत असलेलं गाणं माझ्याकडे एकच प्रकारचं होतं, आमच्या पार्टीचं. लहानपणापासून मी सिंधूमावशींच्या समोर पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली. त्यांचा गळा फुगतो कधी, पदर सरसावतात कधी, मला सगळं पाठ. दुपारच्या सुट्टीत, ग्रंथालयात कुणी नसताना, मी कंपासपेटी उघडली आणि एकेक लावून बघत गेले. एकात धुमच धुम. एकात सगळ्यांना सर्दी झालेली. एकात झांज अशी टोचायची की दात शिवशिवले. पाचव्या इअरफोनमध्ये मास्तरांची पेटी उजवीकडे जाऊन बसली, कोरस मागे सरकला आणि मधोमध मावशींनी श्वास घेतला. मी दचकून मागे वळून बघितलं. मग तोंड उघडून हसले, ‘शांतता राखा’च्या पाटीखाली, एकटीच. आमच्याकडे चादर घेताना माणूस ती उलटी करून मागची बाजू बघतो. पुढून सगळ्याच चादरी छान दिसतात. तो श्वास ऐकला तेव्हा मला चादर उलटी करून बघितल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट तेव्हाही जाणवली होती. अंतऱ्यात वर जाताना मावशींचा आवाज चिरत होता. मला वाटलं, रेकॉर्डिंग खराब असेल.

तो इअरफोन मागवला. काळा, साधा, वायर उघडी रबराची. दादांनी खोक्याकडे बघून विचारलं, “ह्याला कापड न्हाय?” मी सरांचं सगळं पाठ केलेलं व्याख्यान त्यांना दिलं आणि टोप्यांचं काम हाती घेतलं. त्यांच्या उजव्या कानाला मोठी टोपी लागली. डाव्याला मोठी जाईना, मधली गळायची, शेवटी सगळ्यात लहान बसली. एकाच माणसाचे दोन कान आणि मापं वेगळी. या गडबडीत एक लहान टोपी कुठेतरी उडाली. घर पालथं घातलं तरी सापडली नाही. खोक्यात तिची जोडीदार होती, तिच्यावर भागलं. “बैलाचं पाय बघून नाल मारत्यात, तसं चाललंय तुमचं,” आई म्हणाली. पण टॉवेल बांधायची गरज उरली नाही. कूलर चालू असून दादांना तो ऐकू येईना. त्यांनी मान हलवली, बोट वर केलं आणि डोळे मिटले.

जयंतीला दहा दिवस होते. दोन दिवस ते सारखं ऐकत होते आणि काहीच बोलत नव्हते. मला वाटलं, आवडलं नाही वाटतं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं झाली होती, खिडकीतून धग येत होती, आई कूलरपुढे आडवी झाली होती. दादा एकदम उठून बसले.

“सुजे, हे गाणं जुनं असंल बघ ग्रुपवर. सात-आठ वर्सांमागचं. ते लाव. मग मागल्या वर्साचं लाव. एकामागं एक.”

मी शोधून लावलं. त्यांनी जुनं ऐकलं, मग नवं, मग पुन्हा जुनं. त्यांची बोटं मांडीवर ताल धरत होती, ती थांबली.

“पट्टी कुणी चढवली?”

मला कळेना. पट्टी म्हणजे गाण्याचा पाया, पेटीच्या ज्या पट्टीवरून गाणं सुरू होतं ती. सिंधूमावशींची पट्टी काळी एक, हे आम्हाला आमच्या घराच्या नंबरासारखं पाठ. दादा सांगत होते की मागल्या वर्षी ती काळी दोनच्याही वर गेली आहे. “मास्तर न्हाय चढवणार,” ते स्वतःशीच म्हणाले, “मास्तर ढोलकीला धरून पट्टी घेत्यात.” त्यांना काय कळलं ते मला त्यांच्या हातांवरून कळलं. उजव्या हाताची बोटं ते अशी हलवत होते जशी ढोलकीच्या दोऱ्यांवरच्या कड्या ओढताना हलवतात.

ढोलकी लावणं, म्हणजे स्वरात आणणं, हे कानाचं काम. कडी ओढायची, पुडीवर टिचकी मारायची, ऐकायचं. शाईच्या पुडीचा तो कडक टणत्कार आला की थांबायचं. दादांना तो टणत्कार ऐकू येईनासा झाला होता. म्हणून ते आणखी ओढायचे. त्यात आमच्या गावचा एप्रिल. उन्हाने कातडं आपलं आपण आवळतं आणि स्वर आणखी चढतो. वर्षावर्षाला ढोलकी चढत गेली, ढोलकीमागे पेटी चढत गेली, आणि पेटीमागे सिंधूमावशींचा गळा. साठीच्या बाईचा गळा.

“हितं बघ,” दादांनी एक बोंड माझ्या कानात दिलं, “हितं तुटतो तिचा आवाज. हितं. आन् हितं. मी तिचा गळा फाडतोय गं.”

मी म्हटलं, असं कसं, तसं असतं तर त्या बोलल्या असत्या की. यावर कूलरपुढून आईचा आवाज आला. आम्हाला वाटलं होतं ती झोपली आहे.

“बोलली व्हती. मला.”

दादांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानातलं बोंड काढलं. आई उठून बसली आणि त्यांच्याकडे बघून सावकाश, ओठ दिसतील असं बोलली. “दोन वर्सं झाली. मी म्हनलं, सांगू का ह्यास्नी? तर मला शपत घातली तिनं. म्हनली, वैनी, माझा गळा बसला तर काढा पिऊन उठंल. भाऊ ढोलकीवरनं उठलं तर परत बसायचं न्हाईत.”

दादा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या संध्याकाळी ते विहारात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ढोलकी खुंटीवर होती तशीच राहिली. मास्तरांचा फोन आला, आईने पाय दुखतोय म्हणून सांगितलं.

मला स्वतःचा फार राग आला. कुणी सांगितलं होतं स्वच्छ आवाज शोधायला? कंपासपेटी काय, श्वास काय! त्या गाळ्यातल्या इअरफोनमध्ये माझा बाप सुखात होता. त्यात त्याची ढोलकी राजासारखी वाजत होती आणि कुणाचा गळा फाटत नव्हता. मंगळवारी कॉलेजातून सुटल्यावर मी सरळ नव्या पेठेत गेले आणि अगदी तोच, कापडी वायरीचा, नवीन घेतला. गाळेवाल्याने मला ओळखलं. “बोला था ना मॅडम, बेस,” म्हणाला. मी मान हलवली. घरी येऊन दादांच्या हातात दिला आणि म्हटलं, हाच बरा होता, बाई, तो दुसरा मी परत करते.

त्यांनी तो लावला. गाणं लावलं. अर्धा अंतरा ऐकला असेल. मग बोंडं काढून, वायर नीट गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

“हे माझ्याशी गोड बोलतंय, सुजे. ते दुसरं दे.”

मग ते दुसरं लावून दोन दिवस ते सगळी रेकॉर्डिंगं ऐकत राहिले. जेवताना आईला मधूनच सांगायचे. ह्या गाण्यात मी मात्रा खाल्ली, तर मास्तरनी पेटीवर सूर लांबवून धरला, बघ, मी येईपर्यंत. हितं माझा हात चुकला, तर कोरसनं टाळ्या वाढवल्या. सांगताना आवाज शांत असायचा, माग कुठे बिघडलाय ते सांगावं तसा. एकदाच त्यांचं ताट तसंच राहिलं. “मला वाटत व्हतं पार्टी मी सांबाळतोय,” म्हणाले, आणि हात धुवायला उठले. मी तिथेच बसून रडले, आईने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

अजूनही मला कुणी विचारतं, स्वस्तात चांगला इअरफोन कुठला घेऊ? आता गणाचारी सरांच्या खालोखाल माझंच नाव कॉलेजात घेतात. मी टोप्यांचं सांगते, वायरीचं सांगते, पाठ असलेलं गाणं लावायला सांगते. पण आधी विचारते, तुम्हाला ऐकायचंय की बरं वाटून घ्यायचंय? पोरी हसतात. त्यांना वाटतं मी विनोद केला. दोन्हीसाठी इअरफोन मिळतात आणि दोन्हींची किंमत साधारण सारखीच असते. त्यातला कुठला वाईट, हे मला अजून सांगता येत नाही. बापासाठी मी त्या मंगळवारी गोड बोलणाराच घेतला होता, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तोच घ्यायला जाईन, हेही मला ठाऊक आहे.

जयंतीला तीन दिवस राहिले असताना दादांनी खुंटीवरची ढोलकी काढली. मी बरोबर गेले, गुडघ्यांचं निमित्त करून. विहाराच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, सतरंजीवर मंडळी बसली होती. दादांना बघून कोरसवाले सरकले आणि त्यांची नेहमीची जागा मोकळी झाली. सिंधूमावशी म्हणाल्या, “या भाऊ. पाय बरा हाय का?”

दादा त्यांच्या जागेवर बसले नाहीत. ते मास्तरांच्या पेटीसमोर गेले, कसेबसे खाली बसले आणि ढोलकी मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. शाईची पुडी मास्तरांकडे करून.

“मास्तर, तुमी लावा.”

ढोलकीवाल्याची ढोलकी दुसरा कुणी लावत नाही. वादक आजारी असला तर कार्यक्रम रद्द करतात, पण त्याच्या कड्यांना हात लावत नाहीत. मास्तरांनी हात मागे घेतले. “भाऊ, असं काय करताय,” म्हणाले.

“काळी एकला लावा. सिंधूबाईची पट्टी ती. मला ती आता पडल्यावानी ऐकू येनार, मी म्हनलो वर घ्या तरी घिऊ नका.” मग म्हणाले, “लई दिस चालवून घेतलं तुमी सगळ्यांनी.”

सिंधूमावशींनी पदर तोंडाला लावला. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पहिली कडी खाली सरकवली. टिचकी मारली, पेटीचा सूर धरला, दुसरी कडी सरकवली. दादा त्यांच्या हाताकडे बघत होते. इतका वेळ लागला की कुणीतरी उठून पाणी प्यायलं. शेवटी मास्तरांनी ढोलकी त्यांच्याकडे सरकवली. दादांनी ती मांडीवर घेतली, उजव्या हाताने एक थाप मारली, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या कानाला ती मेलेली लागली असणार. त्यांनी कडीकडे हात नेला. हात तिथेच थांबला, मग पुडीवर परत आला.

मास्तरांनी सूर दिला. मावशींनी सुरुवात केली, अगदी जपून, दोन वर्षांच्या सवयीने. अंतरा आला, वर जायची जागा आली, त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि आवाज गेला. कुठेही न चिरता, मोकळा, माझ्या लहानपणी जायचा तसा वर गेला आणि तिथे राहिला. मावशींनी डोळे उघडले. त्यांनाच खरं वाटत नव्हतं. कोरस टाळ्या द्यायला विसरला, मी विसरले, एकटे दादा ढोलकी धरून होते, नजर मावशींच्या चेहऱ्यावर, बोटं बरोबर समेवर.

गाणं संपलं तसं मावशींनी सवयीने विचारलं, “भाऊ, बरुबर लागली न्हवं ढोलकी?”

दादांनी दोन्ही तळवे धोतराला पुसले.

“मला इचारू नका, सिंधूबाई. आता तुमी सांगायचं, मी वाजवायचं,” ते म्हणाले. “हं. फुडचं घ्या.”